मधला पट्टा

कोणती गाडी भाड्याने घ्यायची यावर नवराबायकोचं एकमत झालं, ते त्या घरातलं शेवटचं एकमत. डोंगरात जायचं म्हणून त्याला मोठी दणकट जीप हवी होती. तिचं म्हणणं, अरुंद वळणावर समोरून ट्रक आला की तुझं ते धूड घेऊन शिरशील कुठे? मग छोट्या क्रॉसओव्हरवर तडजोड झाली. ती धड जीप नाही की धड घरगुती गाडी नाही, पण जरा उंच, खड्ड्यात पोट न घासणारी आणि तिघांना ऐसपैस. गाडी ठरली, लॉज ठरला, मुलीला सुट्टी लागली, आणि निघायला आठवडा उरला असताना दोघांनी अबोला धरला.

नवरा चष्मेवाला. बाजारातल्या कोपऱ्यावर त्याचं दुकान होतं. गावातल्या निम्म्या लोकांचे नंबर त्याला तोंडपाठ, पण समोरच्याच्या डोळ्यांत काय चाललंय ते मात्र कळायचं नाही, असं बायको म्हणायची. ती शाळेत गणित शिकवायची. लाडात आला की तो तिला 'बाई' म्हणायचा. तिचे पाढे तिसापर्यंत पाठ, पण स्वतःच्या चष्म्याचा नंबर जन्मात लक्षात राहिला नाही, यावरून घरात नेहमी थट्टा व्हायची. मुलगी आठ वर्षांची. सतत काहीतरी कुरतडत असायची म्हणून तिचं नाव पडलं खारू.

अबोल्याचं कारण क्षुल्लक नव्हतं. दूरच्या एका मोठ्या निवासी शाळेने बाईंना मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं होतं. बाई मुलाखतीला जाऊन आल्या, निवडही झाली, आणि नवऱ्याला ते कळलं जेवताना, खारूकडून. "आपण नवीन गावी गेलो की बाबा पण येणार?" असं तिने विचारलं आणि त्याचा घास हातातच राहिला.

"मला विचारायची गरज वाटली नाही?" तो म्हणाला.

"विचारलं असतं तर दुकानातून मान वर केली असतीस?" ती म्हणाली.

त्यानंतर दोघांच्या तोंडाला कुलूप. सुट्टीवरून परतल्यावर तिला त्या शाळेला कळवायचं होतं, येते की येत नाही. ती गेली तर खारूही जाणार. खरं तर त्याने एवढंच म्हणायचं होतं, की जाऊ नकोस, किंवा मीही येतो. यातलं काहीही चाललं असतं. पण ते त्याच्या तोंडून निघत नव्हतं, आणि ती त्याचीच वाट पाहत होती हे त्या शहाण्याला दिसत नव्हतं.

मधल्या मधे खारूचा पोस्टमन झाला. "आई, बाबा विचारतो, टॉवेल कुठे आहे?" "बाबा, आई म्हणते, डोळ्यांसमोर आहे." दोघं एकाच खोलीत, हातभर अंतरावर, आणि निरोप मात्र खारूमार्फत. पोरीला आधी गंमत वाटली. मग ती निरोप पोचवण्यात इतकी तरबेज झाली, की कोणाचं वाक्य कोणाकडे न्यायचं याचा विचारही तिला करावा लागेना.

ठरल्या दिवशी सकाळी तिघं गाडी ताब्यात घ्यायला गेले. काचेच्या खोलीत टेबलामागे एक गळाठलेला माणूस बसला होता. तुम्ही ठरवलेली पांढरी गाडी कालच दुरुस्तीला गेली, म्हणाला, त्याच जातीची दुसरी देतो. ही दुसरी राखाडी होती, आणि सगळ्या गाड्यांच्या पलीकडे, भिंतीला लागून एकटीच उभी होती. गाडीवाल्याने मोबाइलवर चित्रण करत तिच्याभोवती एक फेरी मारली, जुने ओरखडे दाखवले, सुटं चाक दाखवलं. मग मागचं दार उघडून तो वाकला आणि मधल्या सीटकडे बघत राहिला.

"इथला पट्ट्याचा दिवा कधीकधी पेटतो," तो म्हणाला. "कोणी बसलेलं नसलं तरी. टिंग टिंग वाजतं. सेन्सरचं आहे काहीतरी. तुम्ही लक्ष देऊ नका."

"अख्खा घाट ते टिंग टिंग ऐकायचं?"

"वाजू द्या." त्याने दार लावलं. "आणि साहेब, वर रेडिओ लागत नाही. गप्पा मारत जा. या गाडीत गप्पा मारत गेलेलं बरं."

चष्मेवाल्याला हसू आलं आणि वाईटही वाटलं. गप्पा मारायला त्याच्याकडे होतं कोण?

बाई पुढे बसल्याच नाहीत. मागे, बरोब्बर त्याच्या पाठीशी बसल्या, म्हणजे आरशातही तोंड दिसायला नको. डाव्या खिडकीशी खारू. मधली सीट रिकामी. वळणांवर बाईंना मळमळायचं, म्हणून घाट लागायच्या आधीच त्यांनी कानात गाणी लावली, काचेला डोकं टेकलं आणि डोळे मिटून घेतले. पुढे हा एकटाच, सवाऱ्या घेऊन निघालेल्या ड्रायव्हरसारखा.

दुपारपर्यंत सगळं ठीक होतं. गाडी चांगली पळत होती, चढाला रडत नव्हती. डोंगर जवळ आले, झाडं उंच आणि काळपट होत गेली. चहासाठी थांबले, पुन्हा निघाले, आणि पहिल्याच वळणावर मागून सुरू झालं. टिंग. टिंग. टिंग. समोरच्या पट्टीवर मधल्या सीटचा लाल दिवा पेटला होता.

"खारू, मधली पिशवी खाली ठेव गं."

"पिशवी खालीच आहे, बाबा."

टिंग. टिंग. पुढच्या तीन वळणांत त्याचं डोकं उठलं. घरात आठवडाभर कोणी बोलत नव्हतं, आणि आता ही गाडी बोलायला लागली होती.

"मग तो मधला पट्टाच लावून टाक. रिकामा असू दे. लाव आणि गप्प कर त्याला."

मागे खट्‌ असा आवाज झाला. दिवा विझला. गाडीत एकदम शांत झालं.

"लावला," खारू म्हणाली. "आता ती पडणार नाही."

पिशवीबद्दल म्हणत असेल, असं त्याला वाटलं.

धुकं वरून आलं नाही, खालून आलं. दरीतून वर सरकत रस्त्यावर चढलं आणि बघता बघता पुढचे दगड दिसेनासे झाले. त्याने दिवे लावले तर समोर नुसती पांढरी भिंत उभी राहिली. गाडीत ओल्या लोकरीचा वास यायला लागला, पावसात भिजलेला स्वेटर बंद कपाटात राहिला तर येतो तसा. काचा बंद होत्या, हीटर चालू होता, तरी मानेला गार लागत होतं.

"बाबा," मागून खारूचा आवाज आला. "आई म्हणते, तिने शाळेला कळवून टाकलं. येते म्हणून."

त्याचे हात स्टिअरिंगवर आवळले. हेही आपल्याला निरोपाने कळावं? इतकं काय पाप केलं होतं आपण? मागे वळून बघावं, काहीतरी बोलावं, असं फार वाटलं. पण आठवडाभराचा ताठा आडवा आला.

"आईला सांग, बरं झालं," तो म्हणाला.

मागे कुजबुज झाली. डोळे भरून आल्याने त्याला ते धुकं आणखी दाट दिसत होतं. मी त्याच्या जागी असतो तर गाडी बाजूला घेतली असती. पण रुसलेल्या माणसाला थांबणंसुद्धा कमीपणाचं वाटतं.

थोड्या वेळाने रस्ता फुटला. उजवीकडे नवा, रुंद, पांढरे पट्टे मारलेला. डावीकडे जुना, कडेने गवत माजलेला. त्याच्या तोंडाशी दोन पत्र्याची पिंपं आडवी पडलेली होती.

"बाबा, आई म्हणते, डावा घे. जुना आहे, पण लवकर पोचतो."

मोबाइलला रेंज नव्हती. बाईंनी घरी नकाशा नीट पाहिला होता हे त्याला माहीत होतं, नकाशा बघायचं काम कायम तिचंच. पिंपांच्या कडेने गाडी काढून त्याने डावा घेतला.

त्या रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती. चाकांखाली डांबर होतं, मग खडी आली, मग मऊ काहीतरी, शेवाळ्यावरून गेल्यासारखं. कठडे दिसत होते, मग तेही संपले. त्याने वेग कमी केला, आणखी कमी केला, आणि पाय ब्रेकवर गेला.

"बाबा, आई म्हणते, थांबू नकोस." खारूचा आवाज अगदी साधा, पाणी मागावं तसा. "जोरात घे. सरळच आहे."

चष्मेवाल्याने ब्रेक दाबला तो दाबलाच. गाडी हिसका देऊन उभी राहिली.

कारण लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि या बारा वर्षांत त्याने स्कूटर चालवली, मित्राची गाडी चालवली, एकदा तर ट्रॅक्टर चालवला. त्या प्रत्येक वेळी या बाईच्या तोंडात एकच शब्द असायचा, हळू. सपाट, मोकळ्या रस्त्यावरसुद्धा हळू. भांडणात असली तरी हळू. 'जोरात घे' हे तिचं वाक्य असूच शकत नव्हतं.

त्याने मागे वळून थेट तिच्याकडे पाहिलं. बाईंचे डोळे मिटलेले होते. कानात गाणी होती.

"बाई," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "बाई... तू आत्ता जोरात घे म्हणालीस?"

तिने दचकून डोळे उघडले, कानातलं काढलं. "काय? आपण कुठे आहोत? हा कुठला रस्ता घेतलास?"

"तूच म्हणालीस ना, डावा घे?"

"मी? मी चहानंतर तोंडसुद्धा उघडलेलं नाही."

"आणि शाळेला कळवलंस म्हणून..."

"कुठे कळवलंय!" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा बदलला. "तूच निरोप पाठवलास ना, मी गेले तर घरात शांतता होईल म्हणून? खारूने मघाशी कानातलं काढून सांगितलं मला. तेव्हापासून मी..." तिचे डोळे लाल होते. ती झोपली नव्हती, रडत होती.

"मी असं म्हणेन तुला?"

दोघंही हळूहळू खारूकडे वळले. खारू बिस्किटाची कड कुरतडत होती.

"खारू," बाई म्हणाल्या, "आईने तुला कधी सांगितलं गं हे?"

"तू नाही सांगितलंस. तू लांब बसलीयेस ना," खारू म्हणाली. "तू मधलीला सांगितलंस, मधलीने मला सांगितलं."

"मधली... कोण मधली?"

खारूने हातातल्या बिस्किटाने शेजारी दाखवलं.

सीट रिकामी होती. पण रिकाम्या सीटचा पट्टा गादीला चिकटून सपाट बसतो. हा पट्टा पुढे आला होता. कोणाच्या तरी पोटावरून जावा तसा, गोल, ताणलेला.

चष्मेवाल्याने हात लांबवून पट्ट्याचं लाल बटण दाबलं. निघालं नाही. पुन्हा दाबलं, सगळा जोर लावून. नाही.

"खारूला घे आणि उतर," तो बायकोला म्हणाला. "तुझ्या बाजूने. डोंगराच्या बाजूने."

तो स्वतःही उतरला, बॉनेटला हात लावत लावत पुढे गेला आणि जागीच थांबला. चाकांपुढे जेमतेम एका पलंगाएवढा रस्ता उरला होता. त्यापुढे तो तुटलेला होता, भाकरीचा तुकडा मोडावा तसा. त्याने पायाने एक खडा ढकलला. खडा गेला. पडल्याचा आवाज आलाच नाही.

गाडी वळवायला जागा नव्हती. मागे मागेच न्यायला हवी होती. असंच पायी निघावं तर धुक्यात, पोरीला घेऊन, कुठे जाणार? बाई म्हणाल्या, मी मागे उभी राहून सांगते. खारूचा हात घट्ट धरून, मोबाइलचा दिवा लावून त्या गाडीच्या मागे गेल्या, आणि तो त्या गाडीत पुन्हा बसला. एकटा. म्हणजे, बसायला तो एकटाच बसला.

त्याने आरशात पाहिलं नाही. खिडकी उघडून डोकं बाहेर काढलं आणि रिव्हर्स टाकला.

"ये..." धुक्यातून बायकोचा आवाज आला. "ये... ये... हळू..."

हळू. त्याला रडू फुटेल असं वाटलं. गाडी हातभर मागे गेली, आणखी हातभर.

"थांब! डावीकडे काप, डावीकडे!"

त्याने स्टिअरिंगला हात घातला. तेवढ्यात दुसरीकडून, तितक्याच स्पष्ट, तोच आवाज आला. "नाही, नाही! उजवीकडे घे... उजवीकडे!"

एक बाजू डोंगराची होती, दुसरी दरीची. मागे जाताना आणि घाबरलेलं असताना कोणती कोणती, हे त्याला उमगेना. धुक्यात आवाजाला दिशाच राहिली नव्हती. एक हाक लांबून आल्यासारखी वाटे, आणि एक अगदी जवळून, मानेशी.

"ये ना... डावीकडे..."

"उजवीकडे, अरे! ऐक माझं!"

तो ओरडला, "बाई! तुझ्या चष्म्याचा नंबर काय?"

क्षणभर सगळं गप्प झालं.

मग एक आवाज आला, शांत, स्वच्छ, शाळेत कविता म्हणावी तसा. "उजवा मायनस दीड. डावा मायनस पावणेदोन."

अगदी बरोबर होता.

आणि दुसरीकडून, रडवेला, चिडलेला आवाज आला. "आत्ता? वेड लागलंय का तुला? मला कधी लक्षात राहिलाय का तो नंबर! उजवीकडे घे म्हणते ना!"

त्याने उजवीकडे घेतली.

पिंपांपाशी येईपर्यंत तो आवाज त्याने सोडला नाही. ती चिडत होती, रडत होती, हळू म्हणत होती, आणि तो प्रत्येक शब्दाला ओ देत होता. नव्या रस्त्यावर आल्यावर बाई खारूला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसल्या, आणि मग दोघं जे बोलायला लागले ते लॉज येईपर्यंत थांबले नाहीत. जे आठवड्याचं साठलं होतं ते बोलले, मग वर्षांचं. "मीही येतो," तो अखेर म्हणाला. "दुकान काय, तिथल्या लोकांनाही डोळे असतीलच." ती हसली, आणि हसता हसता तिने त्याच्या दंडावर डोकं टेकलं. मागे कोणी बघितलं नाही. दिवाही पेटला नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी आवरती घेऊन ते घरी परतले. येतानाही खारू आईच्या मांडीवरच होती. दारात गाडी थांबली तेव्हा दोघं सामान उतरवण्यात गुंतले. मग बाई खारूला घेऊन वर गेल्या आणि हा एकटा, मोठ्या आवाजात गाणं म्हणत, गाडी परत द्यायला गेला.

गाडीवाल्याने नेहमीसारखी मोबाइल धरून फेरी मारली. ओरखडे पाहिले. मग मागचं दार उघडून वाकला आणि तसाच राहिला.

"लावला होता का हा पट्टा?" त्याने विचारलं.

"हो. घाटात. फार वाजत होतं म्हणून."

"मग सोडला कोणी?"

चष्मेवाल्याने आत डोकावून पाहिलं. पट्टा सुटा होता, बाजूला गुंडाळून बसलेला. त्याला आठवलं. घरासमोर तो डिकीतून पिशव्या काढत होता, तेव्हा खारू मागचं दार उघडून आत वाकली होती. खट्‌ आवाज आला होता. आणि मग ती दार धरून थोडा वेळ उभी होती, सावकाश उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी धरावं तसं.

"मुलीने सोडला असेल," तो म्हणाला.

गाडीवाल्याने सगळ्या काचा खाली केल्या, चारही दारं सताड उघडली, आणि कितीतरी दिवसांनी मोकळा झाल्यासारखा लांब श्वास सोडला. मग चष्मेवाल्याकडे पाहून त्याने नजर वळवली. "गप्पा मारत राहा, साहेब," एवढंच म्हणाला.

आता त्या घरात कोणी गप्प बसत नाही. शेजारच्यांना कौतुक वाटतं, काय नवराबायको आहेत, सारखे बोलत असतात. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, एक न्हाणीघरात आणि एक बाहेर असतानाही. भांडण झालं तरी भांडतात मोठ्याने, समोरासमोर, आणि निरोप म्हणून कोणी पाठवत नाही. आता दोघं मिळून नव्या गावात घर शोधतायत. बाईंनी चष्म्याचा नंबर अजून पाठ केलेला नाही, आणि तो पाठ करू देत नाही.

परवा तिघं जेवायला बसले होते. बाई शाळेतलं काही सांगत होत्या, तो मधेमधे टोकत होता. बोलता बोलता दोघांनाही एकदम काही सुचेना. थोडाच वेळ, पाण्याचा घोट घ्यायला लागतो तेवढाच. ओल्या लोकरीचा वास आला.

खारूने उजवीकडे मान कलती केली, ऐकलं, आणि घास चावत चावत वर बघितलं.

"मधली म्हणते, तुम्ही बोला खुशाल," ती म्हणाली. "तिला घाई नाही."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. तिने हातातला पेला खाली ठेवला.

"आज दुकानात कोण कोण आलं होतं?" ती म्हणाली. "सांग ना. सगळं सांग."

आणि तो सांगू लागला. सांगण्यासारखं काही नव्हतं. तरीही, जेवण निवून गेलं तरी तो सांगत राहिला.